आधी मोजणी, मग दुरुस्ती : घरी येणाऱ्या टीव्ही-संगणक सेवेचा अनुभव

गेल्या आठ महिन्यांत टीव्ही आणि संगणक या दोन्हींसाठी आम्ही एकाच तंत्रज्ञांना तीन वेळा घरी बोलावले. डिशची दिशा लावणे, केबलचे जोड बदलणे, चॅनेल पुन्हा शोधून देणे, संगणकाची साफसफाई करणे, डिस्क बदलणे, बॅकअप लावून देणे अशी कामे ते एकटेच करतात. घरी वृद्ध आई असल्यामुळे आणि माझे भाषांतराचे सगळे काम संगणकावरच चालत असल्यामुळे यातली कोणतीही वस्तू बंद पडली की आमचा दिवस विस्कटतो. म्हणून या सेवेत मला काय आवडले आणि काय खटकले, ते सविस्तर लिहीत आहे.

पहिली भेट टीव्हीसाठी होती. आमची तक्रार विचित्र होती. काही चॅनेले अगदी स्वच्छ दिसत, आणि त्यांच्या शेजारचीच काही चॅनेले मात्र सिग्नल नसल्याचा संदेश दाखवत. आधी आम्ही एका सेवा केंद्राला फोन केला होता. तिथून सेट-टॉप बॉक्स खराब झाल्याचे निदान फोनवरच झाले, आम्ही बॉक्स बदलून घेतला, आणि नव्या बॉक्सवरही तीच चॅनेले गायब राहिली. या तंत्रज्ञांनी मात्र बॉक्सला हातही न लावता आधी आईला विचारले, ‘काकू, जी दिसत नाहीत ती चॅनेले कोणती, तेवढे सांगा.’ आईने सांगितलेली नावे त्यांनी कागदावर उतरवली, त्यांची फ्रिक्वेन्सी पाहिली, आणि मग मीटर घेऊन ते गच्चीवर गेले.

त्या नावांच्या यादीवरून त्यांना काय कळले, हे त्यांनी मला गच्चीवरच समजावून सांगितले. डिशच्या तोंडाशी जो एलएनबी असतो, म्हणजे उपग्रहाच्या लहरी पकडून खाली पाठवणारा छोटा भाग, त्याला वीज वेगळ्या तारेने मिळत नाही. ज्या केबलमधून चित्र खाली येते, त्याच केबलमधून सेट-टॉप बॉक्स त्याला १३ किंवा १८ व्होल्ट वर पाठवत असतो. १३ व्होल्ट मिळाले की तो उभ्या ध्रुवणाच्या, म्हणजे उभ्या दिशेने कंप पावणाऱ्या, लहरी निवडतो आणि १८ मिळाले की आडव्या ध्रुवणाच्या. वाटेत एखादा जोड गंजलेला असेल, तर बॉक्समधून निघालेले १८ व्होल्ट वर पोचेपर्यंत इतके उतरतात की एलएनबी आडव्या लहरींकडे वळतच नाही. मग आडव्या लहरींवरची सगळी चॅनेले एकदम जातात आणि उभ्यांवरची जशीच्या तशी राहतात. आईने सांगितलेली सगळी चॅनेले आडव्या ध्रुवणाची निघाली. डिशच्या टोकाला मीटरने मोजले तेव्हा आकडा १४च्या आसपास होता.

त्यांनी एलएनबीपाशी असलेला जोड उघडून माझ्या तळहातावर ठेवला. आतली मधली तार तांबूस दिसायला हवी होती, ती हिरवट काळी पडली होती. सालीखालची जाळी ओली होती, आणि केबलचे टोक खाली धरल्यावर त्यातून खरोखरच पाण्याचे दोन थेंब पडले. पावसाचे पाणी त्या सैल जोडातून शिरून केबलच्या आत उतरले होते. त्यांनी ओला भाग थोडा थोडा कापत नेला. जाळी कोरडी आणि चकचकीत दिसू लागल्यावरच ते थांबले. मग नवा कनेक्टर दाबयंत्राने बसवला, जाळीचा एकही केस मधल्या तारेला चिकटलेला नाही हे भिंगातून पाहिले, वरून स्वतःशीच चिकटणारी रबरी पट्टी गुंडाळली आणि जोडाच्या अलीकडे केबलला खाली झुकणारा वळसा दिला. पाणी आता जोडाकडे न जाता त्या वळशाच्या तळाशी येऊन गळून जाते. केबल बरीच लांब असल्यामुळे पुढे कधी ती बदलायची झाली, तर तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी तार न घेता मधली तार पूर्ण तांब्याची असलेली केबल घ्यावी, असे त्यांनी सुचवले. व्होल्टेज वर पोचवायचे काम त्या तारेलाच करायचे असते, त्यामुळे हा सल्ला मला पटला.

डिशची दिशा त्यांनी यानंतर तपासली, आणि हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधीच डिश हलवली असती, तर एका बिघाडात दुसऱ्याची भर पडली असती. उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो, त्यामुळे इथे एक-दोन अंशांचा फरक पडला तरी सिग्नल निसटतो. सिग्नलची ताकद आणि सिग्नलची गुणवत्ता या पडद्यावर दिसणाऱ्या दोन पट्ट्यांमधला फरकही त्यांनी सांगितला. ताकदीच्या पट्टीत नको असलेला गोंगाटही मोजला जातो, म्हणून ती भरलेली असूनही चित्र फुटू शकते. दिशा लावताना पाहायची ती गुणवत्तेची पट्टी. पूर्वीच्या अॅनालॉग टीव्हीवर सिग्नल मंदावला की पडद्यावर मुंग्या येत आणि आपल्याला आधीच सूचना मिळे. डिजिटल चित्र मात्र शेवटपर्यंत स्वच्छ राहते आणि एका मर्यादेखाली गेले की चौकोन चौकोन होऊन थिजते. त्यामुळे चित्र चांगले दिसते म्हणजे सगळे ठीक आहे असे मानता येत नाही, आणि मीटरशिवाय आलेल्या माणसाला नुसत्या नजरेने फारसे काही सांगता येत नाही.

मुसळधार पावसात काही मिनिटे चित्र जाणे हा बिघाड नाही, हेही त्यांनी आईला स्पष्ट सांगितले. त्या लहरी पाण्याच्या थेंबांत शोषल्या जातात, आणि जोर ओसरला की चित्र परत येते. तसेच मार्च आणि सप्टेंबरच्या सुमारास काही दिवस सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो, तेव्हाही थोडा वेळ अडथळा येतो. अशा वेळी कुणालाही बोलवू नका, असे सांगणारा माणूस आपल्याच उत्पन्नावर पाणी सोडत असतो. त्यांच्याविषयी माझा विश्वास बसला तो इथे.

दुसरी भेट माझ्या सात वर्षांच्या संगणकासाठी होती. तो सुरू व्हायला फार वेळ लागत असे, मधूनच हँग होई, रोज सकाळी त्याची तारीख चुकलेली असे आणि ओळखीची संकेतस्थळेही असुरक्षित असल्याचा इशारा येई. अशा वेळी ‘फॉरमॅट मारून टाकू’ हे वाक्य मी आजवर अनेकांकडून ऐकले आहे. यांनी प्रथम डिस्कची स्वतःची आरोग्यनोंद उघडून दाखवली. निकामी झाल्यामुळे बदललेल्या सेक्टरांचा, म्हणजे डिस्कवर माहिती साठवणाऱ्या लहान कप्प्यांचा, आकडा वाढत होता आणि वाचता न येणारे काही सेक्टर अजून रांगेत होते. डिस्क कधीही पूर्ण बंद पडू शकते, असा याचा अर्थ होता. म्हणून त्यांनी व्हायरसची तपासणी वगैरे काहीही त्या डिस्कवर चालवले नाही. मरणपंथाला लागलेल्या डिस्कला जादा पळवायचे नसते, आधी त्यातला मजकूर बाहेर काढायचा असतो, हे त्यांचे म्हणणे. नक्कल व्हायला जवळजवळ पाच तास लागले. ते अधूनमधून येऊन पाहून जात होते.

तारखेचा घोळ निराळाच होता. मदरबोर्डवरची बटणासारखी, सीआर २०३२ नावाची ३ व्होल्टची बॅटरी संपली होती. संगणकाची वीज बंद केली की घड्याळ मागे जाई, आणि तारीख चुकली की संकेतस्थळाचे सुरक्षा प्रमाणपत्र मुदतीबाहेरचे ठरे. एवढ्याशा कारणापायी मी दोन आठवडे इंटरनेटला दोष देत होते. जुन्या डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवली, पंख्यावरचा धुळीचा थर काढला, प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी वाळलेली पेस्ट बदलली, आणि संगणक बोलू लागला, म्हणजे पंख्याचा आवाज थांबल्यामुळे त्याचे बीप मला प्रथमच ऐकू आले. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे नवीन यंत्र घ्यावे लागेल, अशी माझी समजूत होती. त्यांनी प्रोसेसर तपासला, तो विंडोज ११च्या अटींत बसत होता. अडचण फक्त टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद असण्याची होती. ते सुरू केल्यावर नवीन संगणकाचा खर्च वाचला.

माझा पासवर्ड त्यांनी एकदाही विचारला नाही. गरज पडेल तेव्हा ते मला टाइप करायला सांगत आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून उभे राहत. काम झाल्यावर दूरवरून संगणक हाताळण्याचे कोणतेही सॉफ्टवेअर मागे ठेवलेले नाही, हेही त्यांनी यादी उघडून दाखवले. व्हायरस सापडल्याचा इशारा आणि सोबत फोन क्रमांक पडद्यावर आला, तर तो क्रमांक कधीही लावू नका, हे त्यांनी आईला दोनदा बजावले.

आता उणिवा. वेळ पाळण्याच्या बाबतीत ही सेवा कच्ची आहे. सकाळी येतो म्हणून सांगितले आणि ते दुपारी उशिरा पोचले, असे दोनदा झाले, आणि मधल्या वेळात फोनही उचलला गेला नाही. शुल्क आधी सांगतात आणि त्यात वाढ करत नाहीत, हे खरे, परंतु पावती मागितल्यावरच मिळाली, आणि तिच्यावर ‘देखभाल’ एवढाच शब्द होता. कोणता भाग बसवला आणि त्याची हमी किती, हे मी मागे लागून लिहून घेतले.

यापेक्षा मोठी चूक बॅकअपची झाली. त्यांनी बाहेरच्या डिस्कवर रोजचा बॅकअप लावून दिला. आठवड्याने मी त्यातून काही फाईली परत आणून पाहिल्या, तर भाषांतरासाठी वर्षानुवर्षे जमवलेल्या माझ्या शब्दसंग्रहाची फाईल त्यात नव्हतीच. ती नेहमीच्या फोल्डरांबाहेर, त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये होती. नक्कल करून घेतल्यामुळे मूळ फाईल सुरक्षित होती, म्हणून नुकसान झाले नाही. तरीही तुमचे काम कोणत्या प्रोग्राममध्ये चालते, हा प्रश्न त्यांनी विचारायला हवा होता आणि बॅकअपमधून निदान एक फाईल माझ्यासमोर परत आणून दाखवायला हवी होती. मी कळवल्यावर ते तिसऱ्यांदा आले. चूक त्यांनी सरळ मान्य केली, तो फोल्डर जोडला, दुसरी एक प्रत घराबाहेर ठेवण्याची सोय करून दिली आणि या भेटीचे शुल्क घेतले नाही.

ज्यांना ठरलेल्या तासालाच माणूस दारात हवा आहे, त्यांची या सेवेने चिडचिड होईल. कार्यालयातले दहा-बारा संगणक एकट्या माणसाच्या हाती द्यावेत, असेही मी म्हणणार नाही. पण घरातला टीव्ही आणि एखाद-दुसरा संगणक यांसाठी, विशेषतः भाग बदलूनही बिघाड गेला नसेल तेव्हा, मी यांनाच पुन्हा बोलावेन. पहिल्या भेटीत निघताना त्यांनी एका चिठ्ठीवर त्या दिवशीची तारीख आणि गुणवत्तेचा आकडा लिहून ती सेट-टॉप बॉक्सच्या पाठीला चिकटवली होती. आकडा तिथे होता ७८. आई दर महिन्याला मेनू उघडून पट्टी पाहते आणि मला ओरडून सांगते. या महिन्यात ७६ होता.