माडीच्या सागवानी फळ्यांना व्हार्निश किती: तेलाचं, पीयू की पाण्याचं?

वाड्याची माडी घासून पुन्हा वापरात आणायची म्हटलं की दुकानदार आधी विचारतो, "किती लिटर देऊ?" डब्यावरचा आकडा गुळगुळीत, नव्या लाकडाचा असतो. पन्नास-साठ उन्हाळे सोसलेलं सागवान पहिला हात पिऊनच टाकतं. गणित चुकतं ते तिथंच.

माडी 12 बाय 15 फुटांची धरू. 180 चौरस फुटांतून जिन्याचं तोंड 4 बाय 5, म्हणजे 20 वजा केले की उरले 160. खालचे आकडे ब्रशने मारायचे आहेत, आणि लिटरांच्या बेरजेत 10 टक्के सांडलवंड धरली आहे.

तेलाचं व्हार्निश: टर्पेंटाइनने थोडा पातळ केलेला पहिला हात लिटरला 85 चौरस फूट जातो, म्हणजे 1.9 लिटर. पुढचे दोन हात 120च्या हिशेबाने 1.33-1.33. सांडलवंड मिळवून एकूण पाच लिटर.

दोन डब्यांचं पीयू (पॉलियुरेथेन; एका डब्यात मूळ माल, दुसऱ्यात तो कडक करणारा हार्डनर): सीलरचा, म्हणजे लाकडाची छिद्रं बुजवणारा, एक हात सव्वादोन लिटर आणि वरचे दोन हात, लिटरला 95 चौरस फूट धरून, पावणेचार. हे माप हार्डनर मिसळलेल्या मालाचं आहे, आणि फसगत इथेच होते. प्रमाण 2:1 असेल तर पावणेचार लिटरांत मूळ माल अडीच आणि हार्डनर सव्वा. नुसता मूळ मालच पावणेचार आणला तर सव्वा लिटर उगाच पडून राहील.

पाण्याचं पीयू: हात पातळ बसतो, म्हणून चार लागतात. पहिला 90ने, बाकीचे 110ने धरून सात लिटर.

यातला कुठलाच आकडा डोळे झाकून घेऊ नका. फळ्या घासून झाल्या की 10 चौरस फूट आखा, मापाच्या भांड्यात 200 मिली घ्या, मारा आणि उरलेलं परत मोजा. 120 मिली गेलं तर लिटरला 83 चौरस फूट. ही चाचणी खिडकीजवळच्या उन्हाने करपलेल्या फळीवर एकदा आणि आतल्या कोपऱ्यात एकदा करा. फरक चांगलाच दिसतो. फळ्यांमधल्या फटी आधी बुजवा, नाहीतर व्हार्निश खालच्या खोलीत ठिबकतं. बारीक फटीत भुसा कालवून भरला तरी चालतो. रुंद फटीत मात्र लाकडाची पट्टीच बसवा, भरलेली लांबी (पुट्टी) वर्षभरात सुटून येते.

आता निवड. लाकूड उन्हाळ्यात आकसतं, पावसाळ्यात फुगतं. जुन्या, हलत्या फळ्यांवर पीयूचा कडक थर सांध्यांवर फाटतो. तेलाचं व्हार्निश लवचीक असतं आणि झिजलं तर तेवढाच तुकडा घासून पुन्हा मारता येतो. पाहुण्यांपुरत्या वापराच्या माडीला तेच बरं. त्याचा तोटा एक: सागाच्या अंगच्या तेलामुळे ते कधीकधी चिकट राहतं, म्हणून घासल्यानंतर थिनरचं फडकं फिरवून त्याच दिवशी पहिला हात द्या. दोन हातांत एक रात्र तरी जाऊ द्या.

लातुरात शिकायला आलेल्या मुलांना खोली द्यायची, दिवसभर खुर्च्या ओढल्या जाणार, तर फळ्या घट्ट ठोकून घ्या आणि दोन डब्यांचं पीयू मारा. त्यात पीयूचाच थिनर घाला. एनसी (नायट्रोसेल्युलोज पॉलिशच्या) थिनरमधलं अल्कोहोल हार्डनरच खाऊन टाकतं आणि थर मऊ राहतो. एका वेळी दीड-दोन तासांत संपेल एवढंच कालवा. खिडक्या उघड्या ठेवा, आणि मास्क कापडी नको, गॅसच्या फिल्टरचा घ्या.

पाण्याचं पीयू पिवळं पडत नाही, वासही कमी. पण पहिल्या हातानंतर लाकडाचे तंतू उभे राहतात, तेव्हा 220 नंबरच्या पेपरने हलकं घासावंच लागतं. कोरड्या हवेत ते इतकं लवकर वाळतं की ब्रशच्या जोडाचे पट्टे उमटतात. फळीच्या लांबीने, दोन-दोन फळ्या एका दमात पुऱ्या करा.

मेलामाइन (कडक चकचकीत पॉलिश) मात्र फर्निचरपुरतंच ठेवा. चालण्याच्या जमिनीवर ते तडकतं.

मे महिन्यात, परभणीत पारा 42वर असताना, यातलं काहीच मारू नका. वरची साय आधी वाळते, आतला थिनर बुडबुडे करून बाहेर पडतो. दिवाळीनंतर, सकाळी दहाच्या पुढे, फळीची थंडी मोडल्यावर हात घाला.