बेळगाव ते जांबोटी रोज: फ्रीस्टाइलचे १४ महिने

फोर्डची फ्रीस्टाइल, डिझेल, टायटॅनियम प्लस, २०२० ची, के ए २२ पासिंग, सेकंड हँड घेतली त्याला आता १४ महिने झाले. घेतली तेव्हा मीटरवर ४६ हजार होते, आज सकाळी बघितलं तर ६३ हजार ७००. इतके दिवस मुद्दाम काही लिहिलं नाही, कारण पहिल्या महिन्यात प्रत्येकाला आपली गाडी चांगलीच वाटते, आणि आमच्या भागात एक अख्खा पावसाळा काढल्याशिवाय गाडीबद्दल बोलू नये असं माझं मत आहे. तो काढून झालाय.

घेताना घरात हो म्हणणारं एकही माणूस नव्हतं. सासरे म्हणाले, "कंपनीच गेली की गं देश सोडून, उद्या काय लागलं तर कुणाला विचारणार?" धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, घेताना स्वस्त मिळायलीय खरी, इकताना कोण हात लावणार नाही बघा." दोघांचंही चुकीचं नव्हतं. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डनं इथं गाड्या बनवणं बंद करत असल्याचं जाहीर केलं, पुढं साणंदचा कारखाना टाटांकडे गेला, हे सगळं माहीत असूनच मी घेतली. माझं गणित साधं होतं. शाळा जांबोटीच्या पुढं, जाऊन येऊन ७० किलोमीटरच्या आसपास, पिरनवाडी, किणये, कुसमळी करत जायचं, चार महिने पाऊस आणि उरलेले महिने त्या पावसानं केलेले खड्डे. माझ्या बजेटात नवीन गाडीचं बेस मॉडेल येत होतं आणि ही टॉप मॉडेल.

आधी रोजचं सांगते. १९० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचा तळ आणि रस्ता यातलं अंतर, हा आकडा कागदावर वाचून काही कळत नाही, पण जुलैमध्ये रस्त्यावर लाल पाणी साठलेलं असतं, खाली खड्डा आहे की दगड ते दिसत नाही आणि समोरून गोव्याचा ट्रक आपली बाजू सोडून आलेला असतो, तेव्हा डावीकडं साइडपट्टीवर उतरायला भीती वाटत नाही, मला त्या आकड्याचा अर्थ तिथं कळला. १४ महिन्यांत खालून एकदाच लागली आणि तीही येळ्ळूरला माहेरच्या शेताच्या वाटेवर, भाताची पोती भरलेली असताना. वायपर पाऊस ओळखून स्वतः चालू होतात, याला मी आधी नुसती हौस समजत होते, पण घाटमाथ्याकडचा पाऊस एका वळणावर मुसळधार आणि पुढच्या वळणावर नुसती भुरभुर असा असतो, दर दोन मिनिटांनी हात त्या दांडीकडं जायचा तो जात नाही आणि नजर रस्त्यावर राहते. मागच्या काचेला वायपर आहे, रिव्हर्स कॅमेरा आहे, चढावर थांबून परत निघताना गाडी मागं येत नाही. दीड लिटरचं १०० पीएसचं डिझेल इंजिन आहे, २१५ एनएम टॉर्क आहे, त्यामुळं पाच माणसं आणि सामान घालून चोर्ल्याचा घाट चढताना एसी बंद करायला लागत नाही. अ‍ॅव्हरेज मला २० ते २१ पडतंय, टाकी फुल करून हिशोब लिहिलेली वही आहे माझ्याकडं.

आता मला खरं ज्याबद्दल लिहायचंय ते. इतकं सगळं असलेली गाडी खपली का नाही? दीड महिना सेकंड हँड गाड्या बघत फिरले तेव्हा स्विफ्ट दहा, आय ट्वेंटी पाच, आणि फ्रीस्टाइल सगळ्या बेळगावात मिळून दोन, हे माझ्या डोळ्यांनी बघितलं. माझ्या आधीचे मालक हिंडलग्याकडचे निवृत्त काका, त्यांनी पहिल्या दिवसापासूनची बिलं फाईल करून दिली आणि म्हणाले, "आम्हाला गाडी आवडली, दुसऱ्या कुणाला आवडतेय असं काही दिसलं नाही." त्यांचं हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं.

"सर्व्हिस नाही म्हणून खपली नाही" असं सगळे म्हणतात, पण तेवढंच कारण असतं तर इकोस्पोर्ट कशी खपली? तीच कंपनी, तेच शोरूम, तेच मेस्त्री, आणि २०१३ मध्ये ती आली तेव्हा लोक बुकिंग करून महिनोन्महिने थांबले होते. मला वाटतं फरक चेहऱ्याचा आहे. इकोस्पोर्टचं नाक उंच, मागं दाराला लटकलेली स्टेपनी, लांबून बघितलं तरी जीप वाटायची. फ्रीस्टाइल मात्र फोर्डच्याच छोट्या फिगोवरून बनवलेली, दारं तीच, आकार तोच, खालून काळं प्लास्टिक आणि वर रूफ रेल. गल्लीत नेऊन लावली की शेजारचे म्हणणार, "फिगो घेतलासा व्हय?" आणि ज्यानं वरचे पैसे मोजलेत त्याला ते वाक्य लागतं. आपल्याकडं गाडी हे घरातलं मोठं खरेदीखत असतं, पेढे वाटतो आपण, तिची ओळख लांबूनच पटली पाहिजे असं लोकांना वाटतं आणि त्यात मला काही चूक दिसत नाही.

दुसरं किमतीचं. एप्रिल २०१८ मध्ये ही आली तेव्हा एक्स शोरूम ५.०९ लाखांपासून होती, पण टॉप डिझेल ७.८९ लाख. ज्या गोष्टींसाठी मी आज हिचं कौतुक करतेय त्यातल्या बऱ्याचशा त्या वरच्या मॉडेलात. आणि तेव्हा त्याच पैशांच्या आसपास मारुतीच्या ब्रेझाचं बेस मॉडेल येत होतं. आता शोरूममध्ये नवरा, बायको, सासरे आणि गाडीतलं कळणारा एक मित्र असे चौघे बसलेत, एकीकडं सगळं असलेली छोटी गाडी, दुसरीकडं काही नसलेली पण मोठी गाडी, चौघंही मोठीकडं वळतात, कारण मोठेपणा दिसतो आणि छोटीतल्या ६ एअरबॅग दिसत नाहीत. त्यात आपल्याकडचा रोड टॅक्स. कर्नाटकात ५ लाखांच्या वर १० लाखांपर्यंत १४ टक्के, तिकडं सीमेपलीकडं महाराष्ट्रात डिझेलला १३ आणि पेट्रोलला ११. म्हणजे वरच्या मॉडेलसाठी ५० हजार जास्त दिले की त्यावर टॅक्सचे ७ हजार इथं वेगळे. कोल्हापूरचा पाहुणा ऑन रोड किंमत सांगतो ती ऐकून आपला माणूस आधीच हळहळलेला असतो, तो पहिल्यांदा फीचरच कापतो.

एअरबॅगचंच सांगते. २०१८ मध्ये या किमतीला ६ एअरबॅग म्हणजे खरंच मोठी गोष्ट होती, कारण ड्रायव्हरची एक एअरबॅगसुद्धा सगळ्या गाड्यांना सक्तीची झाली ती जुलै २०१९ मध्ये, आणि शेजारच्या सीटची २०२१ मध्ये. सरकारनं ६ एअरबॅग सक्तीच्या करायचा मसुदा जानेवारी २०२२ मध्ये काढला, तारीख ऑक्टोबर २०२३ पर्यंत पुढं ढकलली आणि शेवटी ती सक्ती झालीच नाही. म्हणजे ही गाडी आली तेव्हा लोक एअरबॅगबद्दल विचारतच नव्हते. आता आमच्या स्टाफरूममध्ये नवीन गाडीचा विषय निघाला की पहिला प्रश्न "किती स्टार?" असतो, म्हणजे धडकेच्या चाचणीत गाडीला किती स्टार मिळाले. ही चार वर्षं लवकर आली असं मला मनापासून वाटतं. आणि याचा पुरावा म्हणजे टाटांची पंच. ऑक्टोबर २०२१ मध्ये आली, लांबीनं फ्रीस्टाइलपेक्षाही लहान, ग्राउंड क्लिअरन्स जवळजवळ तेवढाच, पण उभट चौकोनी चेहरा, ग्लोबल एनकॅप या चाचणी संस्थेचे ५ स्टार आणि ऑटोमॅटिक गिअरचा पर्याय, जो फ्रीस्टाइलला कधी मिळालाच नाही. २०२४ मध्ये देशात सगळ्यात जास्त खपलेली गाडी ती होती, २ लाखांच्या वर. लोकांना उंच छोटी गाडी पाहिजेच होती की मग!

माझ्या मैत्रिणीची इग्निस आहे, ती खानापूरच्या शाळेत असते. तिच्या गाडीमुळं माझा विचार अजून थोडा बदलला. मारुतीची, म्हणजे पार्टची काळजी नाही, त्या वेळच्या स्विफ्टचंच १.२ लिटरचं इंजिन, २०१७ मध्ये आली तेव्हा टॉपला एलईडी हेडलाइट, १८० मिलिमीटर क्लिअरन्स, वजनाला हलकी. म्हणजे फोर्डबद्दल जी भीती सांगतात त्यातली एकही तिला लागू नाही, तरी स्विफ्ट आणि वॅगन आरच्या पुढं ती कायम मागंच राहिली. मैत्रीण म्हणते, "माझ्या मिस्टरांना मागून बघितली की अजून आवडत नाही, चालवायला बसले की उतरत नाहीत." आणि ती मिळायची नेक्सात, म्हणजे मारुतीच्या वेगळ्या शोरूममध्ये, जिथं शेजारीच थोडे पैसे घातले की बलेनो उभी. म्हणजे इथंही तेच झालं, चांगल्या छोट्या गाडीला तिच्याच घरातली मोठी गाडी नडली.

सर्व्हिसचा मुद्दा मी उडवून लावत नाही, कारण त्याचा त्रास मी काढलाय. खडे बाजारात टेम्पो घासला आणि डावा आरसा फुटला. एका वर्कशॉपला दिली, नाव लिहीत नाही. त्यांनी उजव्या बाजूचा मागवला, परत पाठवला, मग आठ दिवस फोन उचलला नाही, १९ दिवस मी डाव्या आरशाशिवाय त्या रस्त्यानं शाळेला गेले आणि रोज घरी पोचेपर्यंत आईचा जीव टांगणीला. शेवटी अनगोळच्या आमच्या मेस्त्रीमामांनी कोल्हापूरहून आणून एका दुपारी बसवला. ऑइल फिल्टर, ब्रेक पॅड, एअर फिल्टर हे सगळं मामांनाच मिळतंय, अजून कशासाठी अडले नाही. पण बघा, नवीन गाडी घेणारा माणूस असा मामा शोधून ठेवून शोरूमला जात नाही. तो गल्लीतल्या गॅरेजवाल्याला एकदा विचारतो, "ही घेऊ काय?" आणि त्या माणसानं ज्या गाडीचं बॉनेट कधी उघडलेलंच नाही तिला तो "घे" कसं म्हणणार? कमी खपते म्हणून मेस्त्रीला माहीत नाही, मेस्त्रीला माहीत नाही म्हणून कमी खपते. आपल्या भागात तर इकायचं गिऱ्हाईकही अर्धंच. चंदगड, गडहिंग्लजचा माणूस आपल्या रोजच्या जाण्यायेण्यातला, पण त्याला के ए ची गाडी म्हणजे एनओसी आणि परत तिकडचा टॅक्स, तो स्विफ्टसाठी हा त्रास घेईल, फ्रीस्टाइलसाठी नाही घेणार.

कुणी सेकंड हँड बघत असेल तर सर्व्हिसची बिलं मागा, बिलं नसली तर सोडून द्या, आणि आधी आपल्या मेस्त्रीला दाखवा. मागं एसीचे व्हेंट नाहीत, उन्हाळ्यात मागं म्हातारी माणसं बसणार असतील तर हे बघून घ्या. सासरे आता स्वतःहून म्हणतात की पुढच्या महिन्यात पंढरपूरला हीच गाडी काढूया. त्याच्या आधी मला चारही टायर बदलायचेत, १८५/६० आर १५, दोन दुकानात चौकशी करून ठेवलीय.