ठाणे शेतकरी आठवडी बाजारातली मंगळवेढ्याची ज्वारी : नक्की घ्या

ठाण्यात आमच्याकडच्या शेतकरी आठवडी बाजारात एक मंगळवेढ्याचे काका ज्वारी घेऊन येतात, हल्ली मी त्यांच्याकडूनच घेते. अस्सल मालदांडी वाण, दाणा टपोरा, भाकरी थापताना कडेला चिरत नाही आणि डब्यात दुपारपर्यंत मऊ राहते. दुकानापेक्षा किलोमागे थोडे जास्त जातात, पण प्लीज घासाघीस करू नका, सांगते का ते.

मी त्यांना विचारलं, मधे भाव चांगला होता ना, मग पेरा का नाही वाढवला? म्हणाले, "ताई, भाव बघून पेरलं तर काढणीपर्यंत तो टिकतोय का?" खरंच आहे, पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरला, माल हातात फेब्रुवारी-मार्चला आणि तेव्हा सगळ्यांचीच ज्वारी एकदम बाजारात, की भाव खाली. मला वाटायचं भाव पडला की शेतकरी माल दाबून ठेवत असेल, पण छोट्या शेतकऱ्याचं उलटंच होतं, गावच्या सहकारी सोसायटीचं कर्ज, काढणीची मजुरी हे देणं तेवढंच असतं म्हणून भाव पडला की दोन पोती जास्तच विकावी लागतात! 2025-26 चा मालदांडीचा हमीभाव क्विंटलला 3749 रुपये आहे, पण जवळपास सरकारी खरेदीच सुरू नसेल तर व्यापारी देईल तो भाव. बाजार समितीत माल तारण ठेवून कर्ज मिळतं, 6 टक्के व्याजाने, पण थोडक्या पोत्यांसाठी गाडीभाडं करून कोण जाणार.

तरी ज्वारी सोडत नाहीत कारण कडबा, म्हणजे ज्वारीची वाळलेली ताटं. दाण्याचे पैसे कमी आले तरी दारातल्या जनावरांची वैरण होते, उरलेल्या पेंढ्या शेकड्यावर विकल्या जातात. म्हणून फार तर एकरभर हरभऱ्याला देतात, बाकी ज्वारीच. मक्यापासून इथेनॉल करतात म्हणून मक्याला मागणी वाढलीय पण त्याला पाणी लागतं, ते विहीरवाल्यांनाच जमतं.

कमी एकच, ज्वारी निवडून घ्यावी लागते, बारीक खडे असतात. यूपीआय चालतं. उशिरा गेलात तर संपलेली असते, आणि जमलं तर वर्षाची ज्वारी मार्चमध्येच घ्या, त्यांना पैशाची गरज तेव्हाच असते, नवीन माल असतो आणि दोन उन्हं दाखवून डब्यात भरली की वर्षभर छान राहते.