पहिली ते चौथीच्या पोरांसाठी: घरचं सामान, तयार किट की रोबोटिक्सचा क्लास?

पहिली ते चौथीच्या मुलांना हातानं काहीतरी बनवायला लावायचं म्हटलं की समोर तीन रस्ते येतात, एक म्हणजे घरातलं सामान, पुठ्ठा, काड्या, झाकणं, सिरिंज वगैरे, दुसरं दुकानात किंवा ऑनलाइन मिळणारं किट, आणि तिसरं रोबोटिक्स-कोडिंगचा क्लास. पैसे कशावर घालायचे हे बरेच पालक विचारतात, आता शाळेतल्या बाईसुद्धा विचारायला लागल्यात, म्हणून एकदा सगळं नीट लिहिते. माझं मत आधीच सांगते, या वयाला पहिला रस्ता, आणि तो स्वस्त आहे म्हणून नाही.

मी एकच गोष्ट बघते. वस्तू चालली नाही तर कुठं अडलंय हे पोराचं पोराला कळतं का, आणि ते त्याला स्वतः बदलता येतं का. बाकी दिसायला छान, प्रदर्शनात ठेवण्यासारखं, हे सगळं नंतर.

काड्यापेटी आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब (व्हॉल्व्हवर चढवतात ती बारीक रबरी नळी) घ्या. अरविंद गुप्तांनी हा प्रकार देशभर पोचवला, आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत बरीच वर्षं होते, 2018 ला पद्मश्री मिळाली, आणि त्यांच्या साइटवर मराठीतून पण व्हिडिओ आणि पुस्तकं फुकट आहेत. ट्यूबचे बोटाच्या पेराएवढे तुकडे कापायचे, काड्यांचं गुल मोठ्यांनी आधीच खरवडून टाकायचं (हे मुलांसमोर नको), आणि तुकड्याच्या दोन्ही टोकांना एकेक काडी खुपसायची. चार काड्यांचा चौकोन करा, बोटानं ढकलला की तिरपा होऊन पडतो. तीन काड्यांचा त्रिकोण करा, कितीही दाबा, हलत नाही. मग पोराला काही न सांगता विचारायचं की आता हा चौकोन पडू नये म्हणून काय करशील, थोड्या वेळानं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत काडी लावायचं त्यालाच सुचतं, आणि ती काडी कमी पडते कारण कर्ण बाजूपेक्षा लांब असतो, मग तो दोन काड्या जोडतो, नाहीतर उदबत्तीची काडी तोडून आणतो. त्यानंतर रेल्वेचा लोखंडी पूल, विजेचा टॉवर, पत्र्याच्या शेडखालच्या कैच्या, सगळीकडे त्याला त्रिकोणच दिसतात. हे कुठल्याही किटनं मला इतक्या सहज करून दाखवलेलं नाही. खर्च म्हणाल तर काडेपेटी 2 रुपयांना आहे आणि ट्यूब सायकलच्या दुकानात मिळते, मात्र नव्या प्रकारच्या व्हॉल्व्हला ती लागत नाही त्यामुळे जुन्या दुकानात विचारा.

दुसरी माझी आवडती गोष्ट म्हणजे सिरिंजचा जेसीबी. मेडिकलमधून बिनसुईच्या नव्या सिरिंज आणायच्या, वापरलेल्या अजिबात नकोत, एक 5 मिलीची आणि एक 10 किंवा 20 ची, मध्ये माशांच्या टाकीची बारीक नळी. आधी हवेवर करून बघू द्या, एक दांडा दाबला की दुसरा जरा उशिरानं आणि ढिला सरकतो कारण हवा दबते, मग पाणी भरा, लगेच हलतो. आणि छोटी दाबली की मोठी कमी सरकते पण जोर जास्त लावते, उलट केलं तर उलट. पुठ्ठ्याचा हात करून त्याला ती बांधली की पोरं तासभर माती उपसत बसतात. पुठ्ठा कापताना एक लक्षात ठेवा, किराणावाल्याच्या खोक्याच्या पुठ्ठ्यात आत नाल्या असतात, त्या नाल्यांच्या रेषेवर तो लगेच दुमडतो आणि नाल्यांना आडवा सहज दुमडत नाही, जेसीबीचा हात मधेच मोडला तर बहुतेक वेळा हेच कारण असतं. हे आपण सांगायचं नाही, मोडू द्यायचं.

आता या रस्त्याच्या अडचणी, कारण त्या आहेत. मोठ्या माणसाचा वेळ लागतो, नुसतं सामान देऊन चालत नाही. कटर आणि ग्लू गन पहिली-दुसरीच्या हातात द्यायची नाही, फेविकॉल वापरा आणि रात्रभर वाळू द्या. झाकणांची चाकं लावलेल्या गाडीत झाकणाचं भोक बरोबर मध्यभागी पडलं नाही की गाडी डुलत चालते, नाहीतर मुलं आस, म्हणजे दोन चाकांमधली काडी, स्ट्रॉला चिकटवून टाकतात आणि मग चाक फिरतच नाही. ज्या मुलाला चटकन राग येतो त्याचा इथे विरस होतो, त्याच्या शेजारी बसावं लागतं. आणि व्हिडिओ लावून जसंच्या तसं करायला लावलं तर हा पण किटच झाला.

किटबद्दल माझा राग नाही. लाकडी तुकडे अचूक कापलेले असतात, दाते एकमेकांत नीट बसतात, नट-बोल्ट आवळायला बोटांना चांगला सराव होतो, आणि गिअर नेमका कसा फिरतो हे पुठ्ठ्यात इतकं स्वच्छ दिसत नाही. नोकरीवाल्या आईबापांना रविवारी दोन तास हातात असतील तर किट सोयीचंच आहे. अडचण अशी की चित्रातल्या पायऱ्या संपल्या की खेळ संपतो, एक तुकडा हरवला की सगळं अडतं. घ्यायचं असेल तर पत्र्याच्या पट्ट्या-स्क्रूचं किंवा ठोकळ्यांचं घ्या, जे परत खोलून वेगळं करता येतं, एकाच मॉडेलचं चिकटवायचं किट वाढदिवसाच्या भेटीपुरतं ठीक. ठोकळ्यांचे मोटर-सेन्सरवाले सेट हजारोंच्या घरात जातात, ते घरी एका मुलासाठी मला पटत नाहीत.

मोटर आणि एलईडी मात्र तिसरीपासून जरूर द्या, किटशिवाय. जुन्या खेळण्यातली मोटर, दोन पेन्सिल सेल, सेल होल्डर, वायर. एलईडी एका दीड व्होल्टच्या सेलवर पेटत नाही, दोन लागतात, आणि लांब पाय प्लसला. 9 व्होल्टची बॅटरी थेट लावली तर एलईडी उडते. सोल्डरिंग या वयात नको, पीळ देऊन टेप लावा. आणि बटन सेल लहान भावंडं असलेल्या घरात आणूच नका, गिळला तर अन्ननलिका भाजते, हे खरंच गंभीर आहे.

रोबोटिक्सचा क्लास: आधी डेमोला जा आणि बघा की मुलांच्या हातात काय आहे. चारजणांत एक सेट आणि सर स्वतः वायर लावतायत असं असेल तर परत या. कोडिंगसाठी स्क्रॅच, म्हणजे स्क्रीनवर रंगीत ठोकळे जोडून प्रोग्राम करायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, एमआयटीनं 2007 ला काढलं, 8 वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी, त्याहून लहानांसाठी स्क्रॅच ज्युनिअर आहे. घरी लॅपटॉप असेल तर स्क्रॅच करून बघा, आवडलं तर मग फीचा विचार करा. शाळेत अटल टिंकरिंग लॅब (सरकारी योजनेतली, वस्तू बनवून बघायची प्रयोगशाळा) आहे म्हणून कोणी ॲडमिशन घेत असेल तर ती सहावीपासून पुढे असते, तिसरीतल्या मुलाला लगेच उपयोग नाही.

शाळेतल्या शिक्षकांसाठी हिशोब वेगळा. चाळीस मुलांचा वर्ग असेल तर महागडं किट कपाटात जातं आणि कुलूप लागतं, तुकडे हरवतील म्हणून. त्यापेक्षा कार्यानुभवाच्या तासाला चौघांचा गट, प्रत्येक गटाला एक खोकं, एक डबा झाकणं-स्ट्रॉ. इंग्लंडमध्ये 1990 पासून डिझाइन अँड टेक्नॉलॉजी हा प्राथमिकलासुद्धा विषय आहे आणि त्यांची एक पद्धत मला फार आवडते, वस्तू कोणासाठी बनवायची ते आधी ठरवायचं, मग चित्र, मग बनवणं, मग ज्याच्यासाठी आहे त्याला वापरायला देऊन विचारणं. म्हणजे नुसतं पुठ्ठ्याचं घर नाही, तर आजीला गोळ्यांच्या पाकिटांसाठी कप्पे असलेला डबा, ज्यात सकाळचं-रात्रीचं तिला चष्म्याशिवाय कळेल. आजी झाकण उघडताना अडखळली की पोरगी परत डबा घेऊन बसते.

स्टेशनरीच्या दुकानातले तयार प्रोजेक्ट, वर मुलाचं नाव टाकून शाळेत द्यायचे, ते कृपा करून बंद करा, आणि शाळेनं मागितलेच तर बाईंना विचारा की मुलानं केलेलं वेडंवाकडं चालेल का. बहुतेक बाई हो म्हणतात.

सुरुवात करायची असेल तर या शनिवारी काड्या आणि ट्यूब, पुढच्या वेळी सिरिंज, मग झाकणांची गाडी, आणि दिवाळीच्या सुट्टीत मोटर त्याच गाडीला. तोपर्यंत किट घ्यावं का हे मूल स्वतःच सांगेल, त्याला कुठला पार्ट कमी पडतोय हे तेव्हा माहीत असतं.