एमआरआयला गेलो, एक्स-रे काढून आलो (मिरज)

चार स्टार. पाचवा काउंटरमुळे कापला, ते पुढे सांगते.

सासूबाईंचा (वय 71) उजवा गुडघा दिवाळीपासून धरलाय. जिना उतरताना फार. एका डॉक्टरांनी एमआरआयची चिठ्ठी दिली. या सेंटरचा दर साडेसहा हजार, ते आधीच भरून बसलो होतो. नंबर आला तशा रेडिओलॉजिस्ट मॅडम स्वतःच बाहेर आल्या. "मावशी, गुडघा मधेच अडकून बसतो का? पडला होतात? रात्री ठणकतो? ताप?" सगळ्याला नाही. मग जुना एक्स-रे मागितला, खिडकीशी धरला आणि म्हणाल्या, "हा झोपवून काढलाय. अंगाचा भार पडल्याशिवाय हाडांमधली फट किती कमी झालीय ते नीट कळत नाही. आधी उभ्याने काढू." आमच्यासमोरच चिठ्ठीवाल्या डॉक्टरांना फोन लावला. तेही हो म्हणाले.

दोन्ही गुडघे, सातशे रुपये. साडी खोचून उभं राहायला सासूबाई लाजत होत्या, तर आतल्या मुलीने दार लावून चादर धरली. फिल्मवर उजव्या गुडघ्याची आतली फट जवळजवळ गेलेली आम्हालासुद्धा दिसली. झीज. आता मांडीचे व्यायाम, वजन कमी करणं, लागली तर गोळी.

मिस्टरांना चुटपुट होतीच, एमआरआय काढून टाकला असता म्हणजे शंका नको. मॅडम म्हणाल्या, या वयात एमआरआयमध्ये गुडघ्याच्या हाडांमधली गादी फाटलेली बऱ्याच जणांची दिसते, मग घरात तीच काळजी. फिजिओथेरपी शिकणाऱ्या भाच्याने याला दुजोरा दिला. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅमला पन्नाशीपुढच्या 991 लोकांचे गुडघे एमआरआयने तपासले होते, 2008 मध्ये ते छापून आलं. गादी फाटलेल्यांपैकी 61 टक्के लोकांचा गुडघा आदल्या महिन्यात दुखलाच नव्हता! साडेसहा हजारांचं गिऱ्हाईक सोडून हे समजावत बसणारं सेंटर मी तरी पहिल्यांदाच पाहिलं. गुडघा अडकत असता किंवा मार लागलेला असता तर एमआरआय लगेच केला असता, हेही त्यांनी सांगितलं.

आता काउंटर. तपासणी बदलली म्हटल्यावर तिथल्या माणसाने तोंड वाकडं केलं आणि उरलेले पैसे परत द्यायला पाऊण तास लावला. मॅडमना हे माहीत नसावं. पायऱ्यांना कठडाही एकाच बाजूला, गुडघेदुखीच्या पेशंटने करायचं काय?

रिपोर्ट संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर आला. जुन्या फिल्म न विसरता न्या, आणि पार्किंग मागच्या बोळात आहे.