समुपदेशक की सोबतीण?

निपाणीजवळ दवाखाना चालवणाऱ्या एका डॉक्टरताईंचा प्रश्न: एचआयव्ही रोखण्यासाठी एकच माणूस परवडतो, प्रशिक्षित समुपदेशक ठेवू की त्याच वाटेवरून आलेली, म्हणजे स्वतः एचआयव्हीसह जगणारी सोबतीण?

सोबतीण स्वस्त पडते, पण तिला फुकट राबवू नका, मानधन द्याच. चाचणीचा विंडो पिरियड (लागण झाली तरी चाचणीत न दिसण्याचा काळ), धोक्याच्या प्रसंगानंतर लागण टाळायला ७२ तासांच्या आत सुरू करायची औषधं म्हणजे पीईपी, यात समुपदेशक पक्का. भरवशात मात्र सोबतीण फार पुढे. मराठी-कानडी दोन्ही बोलणारी, स्वतः रोज गोळी घेणारी बाई शेजारी बसली, की दारातून परत फिरणारी बाई थांबते, कंडोमबद्दल खरं सांगते. गुप्तता २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने दोघांवरही बंधनकारक.

मोफत चाचणी-समुपदेशन देणारं सरकारी केंद्र, म्हणजे आयसीटीसी, जवळ असेल, तर सोबतीण घ्या. खानापूरच्या रानातल्या वाड्यांना पडतं तसं ते लांब असेल, तर आधी समुपदेशक.