सुके काजूगर: चतुर्थीच्या रश्श्यासाठी घ्यावेत का?

कोंबडी-वड्यांना सोकावलेल्या पाहुण्यांसमोर काळ्या वाटाण्याचं सांबारं ठेवायचं, तर त्यात चावायला काहीतरी हवं. मालवणच्या बाजारात मिळणारे सुके काजूगर ते काम चोख करतात. दीड वाटी वाटाणे आणि शंभर ग्रॅम गर सहा जणांना पुरतात. नुसत्या गरांचा रस्सा जड होतो.

पाकिटातले गर आधी हुंगा. खवट वास आला तर परत करा. रात्रभर कोमट पाण्यात भिजवून साल पूर्ण काढा. चिकटून राहिलेली साल सगळा रस्सा तुरट करते. हे सोलणं कंटाळवाणं आहे, हाच या मालाचा मोठा दोष. गर वाटाण्यांसोबत शिजवू नका, पार विरघळतात. वेगळे, दोन शिट्ट्या.

खोबरं गडद तपकिरी भाजा. काळं पडलं की कडू. चार आमसुलं शेवटी टाका, आधी आंबट गेलं तर वाटाणा दडदडीत राहतो. नैवेद्याच्या वाटणात कांदा-लसूण नको, तिथे धणे-बडीशेप वाढवा. सोबत वडे तळण्याऐवजी आंबोळ्या केल्या तर तेल वाचतं.

तुकडा माल स्वस्त असतो, पण तो फक्त वाटणात घालण्यापुरता.